पित्त झालंय, दुसरं काय

आतापर्यंतच्या आयुष्यात माझं सगळ्यात जास्त कौतुक झालं ते न जेवल्याबद्दल. दहावीच्या मार्कांबद्दल एवढं झालं नव्हतं, कॅम्पसमधून नोकरी लागली तेव्हाही नव्हतं. सोळा आठवड्यांत मी ९६ किलोंवरून ७१ किलोंवर आलो. ऑफिसच्या लिफ्टमध्ये अनोळखी माणसं ‘काय करतोस रे?’ म्हणून विचारायला लागली. एचआरने माझे आधीचे आणि नंतरचे फोटो शेजारी शेजारी लावून कंपनीच्या ग्रूपवर टाकले. सांगलीला गेलो तर शेजारच्या काकू आईला म्हणाल्या, “आता स्थळं बघायला हरकत नाही.” आईने त्यांना चहा दिला आणि आत येऊन मला विचारलं, “तू खातोस काय नक्की?”

मी खात होतो दिवसातून एकदा, संध्याकाळी सात वाजता. याला ‘ओमॅड’ म्हणतात, वन मील अ डे, हे मी आईला नीट समजावून सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

“म्हणजे रोज संकष्टीच की,” ती म्हणाली.

मी हसलो. या वाक्यात माझ्या आणि तिच्याही दुखण्याचा अर्धा उलगडा होता, हे कळायला आणखी काही महिने जावे लागले.

गल्लीत लहानपणी मला ‘भोपळ्या’ म्हणायचे. त्या नावाचा हिशोब कधीतरी चुकता करायचा होता. इंजिनिअर माणूस, त्यामुळे पहिल्यांदा एक्सेल शीट केली. तारीख, वजन, पावलं, कॅलरी, प्रोटीन. स्निग्ध पदार्थांचा एक रकाना होता आणि त्यातला आकडा शून्याच्या जितका जवळ, तितका मला आनंद. उकडलेले मूग, पाण्यात शिजवलेलं चिकन, काकडी, लोणी काढलेलं ताक. सगळं मिळून सातशे-साडेसातशे कॅलरी. तेलाची बाटली मी रूममेटला देऊन टाकली होती. डॉक्टरला विचारावं असं वाटलं नाही. आजारी माणूस डॉक्टरकडे जातो, मी तर बरा होत होतो.

७१चा आकडा आला त्याच आठवड्यात मावसभावाचा साखरपुडा होता. चार महिन्यांनी मी पहिल्यांदा पंगतीत बसलो. पुरी, बासुंदी, बटाट्याची भाजी, भजी. कुणीतरी म्हणालं, ‘आता खायला हरकत नाही तुला’, आणि मलाही ते पटलं.

रात्री दीडच्या सुमारास जाग आली. पोटाच्या वरच्या भागात, बरगड्या जिथे जुळतात त्याच्या खाली, कुणीतरी मूठ आवळत होतं. पोटदुखीला कळा येतात आणि जातात. ही कळ नुसती येत होती. वीस-पंचवीस मिनिटं चढत गेली आणि मग तिथेच ठाण मांडून बसली. तिथून ती पाठीत, उजव्या खांद्याच्या हाडाखाली गेली. पालथा झोपलो, कुशीवर झोपलो, उकिडवा बसलो, खोलीत येरझाऱ्या घातल्या. कशाने काही फरक पडेना. इनो घेतलं, उलटी झाली, तरी नाही. चारच्या पुढे दुखणं ओसरलं. सकाळी उठलो तेव्हा पोट असं शांत होतं की रात्रीचं सगळं आपणच वाढवून सांगतोय की काय, असं वाटावं.

आईला फोन केला.

“पित्त झालंय, दुसरं काय,” ती म्हणाली. “इतके दिवस उपाशी आणि एकदम बासुंदी. मोरावळा खा सकाळी.”

०००

मराठीत पित्त होतं, उठतं, खवळतं आणि पडतं. छातीत जळजळलं की पित्त झालं. अंगावर गांधी आल्या की पित्त उठलं. डोकं ठणकलं तरी पित्त, जागरण झालं तरी पित्त, रागावलेल्या माणसाचंही पित्तच खवळतं. शाळेत विज्ञानाच्या पुस्तकात यकृताखाली हिरव्या रंगात एक छोटी पिशवी दाखवलेली असायची. तिलाच पित्ताशय म्हणतात, हे परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. पण घरातलं ‘पित्त’ आणि पुस्तकातलं ‘पित्ताशय’ यांची गाठ माझ्या डोक्यात कधी पडली नाही. आपण ज्याला पित्त म्हणतो ते बहुतेक वेळा जठरातलं आम्ल असतं. पित्ताशयातला रस वेगळा, त्याचं काम वेगळं, त्याचं दुखणंही वेगळं. एकच शब्द दोन्हीवर पांघरूण घालतो आणि मग खालचं दुखणं कुणाचं आहे ते दिसतच नाही.

पुढच्या पाच आठवड्यांत आणखी दोनदा तसंच झालं. दर वेळी रात्री, दर वेळी भरपेट तेलकट जेवणानंतर. तिसऱ्या वेळी दुखणं छातीकडे सरकल्यासारखं वाटलं आणि मी घाबरलो. रूममेटने गाडी काढली. हॉस्पिटलात ईसीजी काढला, तो व्यवस्थित होता. ड्यूटीवरच्या डॉक्टरने उजव्या बरगड्यांखाली बोटं दाबून धरली आणि दीर्घ श्वास घ्यायला सांगितला. माझा श्वास मध्येच अडकला. “सकाळी उपाशीपोटी सोनोग्राफी करून घ्या,” तो म्हणाला. जेवल्यावर पित्ताशय आकसतं, मग आतलं नीट दिसत नाही, म्हणून उपाशीपोटी. उपाशी राहण्याची मला सवय होतीच.

सोनोग्राफी सेंटरच्या भिंतीवर ‘येथे गर्भलिंग निदान केले जात नाही’ ही पाटी होती आणि रांगेत माझ्याशिवाय सगळ्या बायका होत्या. पोटावर गार जेल लागलं. श्वास घ्या, धरून ठेवा, आता डाव्या कुशीवर वळा. पडद्यावर काळ्या पेरूच्या आकाराचं काहीतरी दिसलं. त्याच्या तळाशी पांढरे ठिपके होते आणि मी कुशीवर वळलो तसे तेही घरंगळले. रिपोर्टवर लिहिलं होतं : मल्टिपल कॅल्क्युलाय, सर्वांत मोठा ७ मिलिमीटर.

कॅल्क्युलाय हे कॅल्क्युलसचं अनेकवचन. लॅटिनमध्ये कॅल्क्युलस म्हणजे बारीक खडा. पूर्वी हिशोब खड्यांनी करत, म्हणून गणितालाही तेच नाव पडलं. दुसऱ्या सेमिस्टरला माझा कॅल्क्युलसचाच विषय राहिला होता. तो आता पोटात निघाला.

०००

सर्जन साठीच्या आसपासचे होते. रिपोर्ट बघून त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो वजनाचा. मी अभिमानाने सांगितलं, सोळा आठवड्यांत पंचवीस किलो. इतक्या महिन्यांत हा आकडा ऐकून ‘अरे वा’ न म्हणणारा हा पहिला माणूस. त्यांनी कागदावर भागाकार केला. “आठवड्याला दीड किलोच्या वर. आणि खाण्यात तेल-तूप?” मी म्हणालो, जवळजवळ नाहीच. “तेच,” ते म्हणाले.

पुढचं थोडं त्यांनी सांगितलं, थोडं मी नंतर वाचलं. यकृत दिवसाला साधारण अर्धा ते एक लिटर पित्तरस तयार करतं. जेवणांच्या मधल्या वेळात त्यातला काही पित्ताशयात जाऊन साठतो. पिशवी छोटी, ३० ते ५० मिलिलिटरची, म्हणून ती पाणी शोषून घेऊन रस आटवून ठेवते. आपण स्निग्ध पदार्थ खाल्ले की लहान आतडं कोलेसिस्टोकायनिन नावाचं संप्रेरक सोडतं. १९२८ साली आयव्ही आणि ओल्डबर्ग या दोन शास्त्रज्ञांनी ते शोधलं. या संप्रेरकाच्या सांगण्यावरून पित्ताशय आकसतं, आटवलेला रस आतड्यात सोडतं आणि तो रस तेला-तुपाचे बारीक थेंब करून ते पचायला मदत करतो. जेवणात दहाएक ग्रॅम स्निग्ध असलं, म्हणजे दोन लहान चमचे तेल, तरी पिशवी बऱ्यापैकी रिकामी होते.

खडा कसा होतो हे समजायला घरातला पाक आठवावा. पाण्यात मावेल तेवढीच साखर विरघळते. पाक पुढे गेला, मग तो न हलवता नुसता ठेवून दिला, की तळाशी खडीसाखर बसायला लागते. पित्तरसात कोलेस्टेरॉल असंच विरघळलेलं असतं, पित्तक्षारांनी आणि लेसिथिनने सांभाळून धरलेलं. वजन भराभर उतरतं तेव्हा शरीर साठवलेली चरबी मोडतं आणि यकृत पित्तरसात नेहमीपेक्षा जास्त कोलेस्टेरॉल ओततं. म्हणजे पाक पुढे जातो. त्याच वेळी खाण्यात तेल-तूप नसेल आणि दोन जेवणांत तेवीस तासांचं अंतर असेल, तर पिशवी आकसायचं कारणच उरत नाही. पाक तसाच पडून राहतो. माझ्या शीटमधला जो रकाना शून्याकडे न्यायचा म्हणून मी धडपडत होतो, त्यानेच पिशवीचं दार बंद करून टाकलं होतं.

“मग जाड होतो तेच बरं होतं का?” मी जरा चिडूनच विचारलं.

नाही, ते म्हणाले. जास्त वजनाच्या माणसांच्या पित्तरसात कोलेस्टेरॉल मुळातच जास्त असतं, त्यामुळे ९६ किलोंवरही धोका होताच. एखादा खडा आधीपासूनही असेल, आता ते सांगता येणार नाही. वजन कमी करायलाच हवं होतं, चूक वेगाची झाली. आठवड्याला अर्धा ते एक किलो ठीक. दीडच्या वर गेलं की खड्यांचा धोका झपाट्याने वाढतो. काही कारणाने झटपट वजन उतरवायचंच असेल, लठ्ठपणाची शस्त्रक्रिया झाली असेल, तर डॉक्टर तेवढ्या काळापुरती अर्सोडिऑक्सिकोलिक ॲसिडची गोळी देतात. मला हे कुणी सांगितलं नव्हतं, कारण मी कुणाला विचारलंच नव्हतं.

कितीतरी लोकांच्या पित्ताशयात खडे असतात आणि ते जन्मभर गप्प बसतात. अशा गप्प खड्यांना सहसा हात लावत नाहीत. माझे बोलायला लागले होते. एकदा दुखायला लागले की परत दुखण्याची शक्यता मोठी. एखादा खडा नळीत उतरून अडकला तर कावीळ होऊ शकते, स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. म्हणून पिशवी काढलेली बरी. ताप, थंडी वाजून येणं, डोळे पिवळे होणं, किंवा दुखणं पाच-सहा तासांत न थांबणं, यातलं काही झालं तर तारखेची वाट न बघता थेट यायचं, हे त्यांनी बजावलं.

उठताना त्यांनी विचारलं, “घरात कुणाला खड्यांचा त्रास?”

“नाही. आईला फक्त पित्ताचा त्रास आहे, पहिल्यापासून.”

त्यांनी पेन खाली ठेवलं. “आईंची सोनोग्राफी झालीये कधी?”

झाली नव्हती. ‘सांगतो त्यांना’ म्हणून मी बाहेर पडलो आणि विसरून गेलो.

०००

ऑपरेशनची तारीख तीन आठवड्यांनंतरची मिळाली. तेवढ्यात बाबांनी एक व्हिडिओ पाठवला. पाच दिवस सफरचंदाचा रस प्यायचा, सहाव्या दिवशी रात्री ऑलिव्ह तेल आणि लिंबाचा रस, आणि सकाळी खडे पडून जातात. व्हिडिओतल्या माणसाने चाळणीत हिरवट गोळे धरून दाखवले होते, चांगले वाटाण्याएवढे. बाबांनी खाली लिहिलं होतं, ‘कापाकापी टळत असेल तर बघ.’

मी बघणार होतो. कबूल करायला लाज वाटते, पण ऑलिव्ह तेलाची बाटली आणून ठेवली होती. आदल्या दिवशी रात्री वाचत बसलो असताना २००५ सालच्या ‘लॅन्सेट’मधली एक छोटी नोंद सापडली. न्यूझीलंडमधल्या एका चाळीस वर्षांच्या बाईने हाच प्रयोग केला होता आणि पडलेले गोळे जपून डॉक्टरांकडे आणले होते. तपासले तर त्यांत कोलेस्टेरॉल नव्हतंच. चाळीस अंशांना ते वितळून हिरवं तेल झालं. प्यायलेलं तेल आणि लिंबाचा रस यांचा पोटातच एक प्रकारचा साबण झाला होता. तिचे खरे खडे होते तिथेच होते, ते पुढे ऑपरेशन करून काढावे लागले. शिवाय खड्यांनी भरलेल्या पिशवीला एकदम एवढं तेल पाजणं म्हणजे तिला जोरात आकसायला सांगणं. साखरपुड्याच्या बासुंदीने माझं जे केलं, तेच हे तेल आणखी जोरात करू शकलं असतं.

औषधाने खडे विरघळवायचा खरा मार्ग आहे, तो त्याच अर्सोडिऑक्सिकोलिक ॲसिडचा. पण खडे लहान आणि कोलेस्टेरॉलचेच असावे लागतात, औषध सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत घ्यावं लागतं, आणि विरघळलेल्यांपैकी जवळपास निम्म्या लोकांना पाच वर्षांत पुन्हा खडे होतात. कारण पिशवी तीच असते. बर्लिनच्या कार्ल लांगेनबुखने १८८२ साली पहिल्यांदा पित्ताशय काढलं त्यामागचा विचार हाच होता. तोवर सर्जन पिशवी उघडून नुसते खडे काढत. त्याचं म्हणणं, जी पिशवी खडे बनवते तीच काढा. त्यानंतर शंभर वर्षं हे ऑपरेशन पोटावर वीतभर चिरा देऊन होत राहिलं. दुर्बिणीतून ते पहिल्यांदा केलं जर्मनीच्या एरिक म्यूहने, १९८५ साली. भारतात डॉ. तेहमटन उदवाडियांनी ते केलं १९९० साली, मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात. हजारो वर्षं वाट पाहिलेल्या माणसांच्या मानाने माझा जन्म फारच सोयीच्या काळात झाला होता.

ऑलिव्ह तेल रूममेटने पास्त्यात घातलं. माझं ऑपरेशन झालं. चार छोटी भोकं, दुसऱ्या दिवशी घरी.

०००

आई पुण्याला आली होती. चौथ्या दिवशी दुपारी मी तिला हॉस्पिटलच्या माहितीपत्रकातलं चित्र दाखवत होतो. हे यकृत, ही पिशवी, ही नळी. दुखायचं कुठे ते सांगायला मी पोटावर बोट ठेवलं, तर ती म्हणाली, “आणि मग पाठीत जातं. इथे. उजवीकडे. झोपलं तरी नाही, बसलं तरी नाही.”

मी तिला पाठीचं सांगितलं नव्हतं.

“तुला कसं माहीत?”

“माझं पित्त तसंच असतं,” ती म्हणाली आणि मऊ भात ढवळायला ओट्याकडे गेली.

मला आमचं सांगलीचं स्वयंपाकघर आठवलं. मी आठवी-नववीत असेन. रात्री पाणी प्यायला उठलो की कधी कधी आई अंधारात पाटावर बसलेली असायची, पाठ भिंतीला टेकून, मागे गरम पाण्याची पिशवी. ‘काय झालं?’ ‘काही नाही, पित्त झालंय. तू झोप.’ दिवा लावू द्यायची नाही, बाबा जागे होतील म्हणून. सकाळी सहाला तिच्या हातचा डबा तयार असायचा. हे महिन्यातून एखाद-दोनदा होई आणि आमच्या घरात त्याला पावसाइतकंच महत्त्व होतं. बाबा म्हणायचे, “अगं, उपास कशाला करतेस एवढे?” डॉक्टर आम्लपित्ताच्या गोळ्या लिहून द्यायचे. मी काहीच म्हणायचो नाही.

आता मी तारखा जुळवायला लागलो. संकष्टीला आई पाण्यावर असायची. चंद्रोदय रात्री नवाच्या सुमारास. म्हणजे आदल्या रात्रीच्या जेवणानंतर चोवीस तासांनी ती पानावर बसायची, आणि पानात मोदक, त्यावर तूप, वरण-भात, त्यावर तूप. चोवीस तास आटत बसलेली पिशवी, आणि मग एकदम तूप. सोमवारी दिवसभर काही नाही आणि संध्याकाळी दाण्याचं कूट घातलेली साबुदाण्याची खिचडी. नवरात्राचे नऊ दिवस. माझ्या डाएटला एक्सेल शीट होती, तिच्या डाएटला पंचांग होतं. दोघांनाही उपाशी राहण्याबद्दल शाबासकी मिळत होती. मला ‘विलपॉवर’, तिला ‘किती श्रद्धेने करते’.

फरक एवढाच की मला तीन वेळा दुखलं, पाच आठवड्यांत, आणि चौघांनी धावपळ करून त्याचा छडा लावला. तिला पंधरा वर्षं दुखत होतं. बाईचं वय, बाळंतपण, घरातला वारसा, हे सगळं खड्यांच्या बाजूने असतं. वैद्यकाची मुलं चार ‘एफ’ म्हणून जी यादी पाठ करतात, तिच्यात आई पुरेपूर बसत होती आणि मी फारसा नाही. तरी आधी सापडलो मी.

सोनोग्राफी सांगलीत केली. तिचा सगळ्यात मोठा खडा १८ मिलिमीटरचा होता आणि पिशवीची भिंत जाड झाली होती. पंधरा वर्षांचं सगळं दुखणं यानेच होतं का, असं मी तिथल्या सर्जनना विचारलं. ते म्हणाले, “तसं छातीठोक सांगता येणार नाही. पण तपासायला उशीर झाला, एवढं नक्की.” बाबा रिपोर्ट हातात धरून कॉरिडॉरमध्ये बराच वेळ उभे होते. मग म्हणाले, “मला वाटायचं, उपासाने होतं.” त्यांचं अगदीच चुकीचं नव्हतं. फक्त तिथे ते थांबले होते. आम्ही सगळेच थांबलो होतो.

०००

आता खाण्याचं. पिशवी गेली तरी पित्तरस यकृतातून आतड्यात थेंब थेंब येतच राहतो, त्यामुळे बहुतेक माणसं थोड्याच दिवसांत सगळं खाऊ शकतात. काहींना सुरुवातीला तेलकट खाल्ल्यावर पोट बिघडल्यासारखं होतं. मला तीन-चार आठवडे झालं. तेल हळूहळू वाढवत नेलं तसं थांबलं.

माझं वजन सध्या ७६ आहे. ७१ वरून पाच किलो परत आले. एक्सेल शीट डिलीट केली नाही, पण तिच्यातला स्निग्धाचा रकाना आता शून्याकडे जात नाही. तीन वेळा जेवतो. दर जेवणात चमचा-दोन चमचे तेल असतं. ज्वारीची भाकरी, उसळ, पालेभाजी, मूठभर दाणे. दाण्यांचं विशेष वाटतं. अमेरिकेत हजारो परिचारिकांचा वर्षानुवर्षं अभ्यास झाला, त्यात आठवड्यातून पाच किंवा जास्त वेळा दाणे-बदाम-अक्रोड खाणाऱ्या बायकांना पित्ताशय काढावं लागण्याचं प्रमाण कमी दिसलं. सांगलीच्या माणसाला दाणे खा म्हणून सांगायला अमेरिका कशाला हवी, ते सोडा. महिन्याला दोन किलो उतरले तरी चालतील, असं ठरवलंय. कधी उतरतात, कधी नाही. लिफ्टमध्ये आता कुणी काही विचारत नाही. या वेगाच्या माणसाचे आधीचे आणि नंतरचे फोटो सारखेच दिसतात.

आईला उपास सोड असं मी म्हणालो नाही. म्हणून उपयोगही नव्हता. सर्जननी तिला एवढंच सांगितलं की फार वेळ पोट रिकामं ठेवू नका आणि मग एकदम जड खाऊ नका. तिने त्यावर दोन दिवस विचार केला. आता संकष्टीला ती सकाळी दूध आणि केळं घेते, दुपारी ताक आणि दाणे. “दूध चालतं,” ती म्हणाली. “पूर्वीही चालत होतं. मीच कडक करत होते.” का करत होती, ते तिने सांगितलं नाही. मी मात्र स्वतःवरून ओळखलं. कडक केलं की लोक बघतात.

तिचं ऑपरेशन दिवाळीनंतर झालं. माझ्यापेक्षा वेळ जास्त लागला, भिंत जाड होती म्हणून. सर्जननी खडे प्लॅस्टिकच्या डबीत घालून दिले. बाबा ते कृष्णेत सोडून येतो म्हणत होते, आईने डबी पर्समध्ये ठेवली.

रात्री मी तिच्याजवळ थांबलो होतो. बाजूच्या अरुंद बाकावर डोळा लागला असेल. दुर्बिणीच्या ऑपरेशनसाठी पोटात वायू भरतात, तो थोडा राहतो आणि त्याने दुसऱ्या दिवशीपर्यंत खांदा दुखतो. मला माझ्या वेळचं आठवत होतं, पण तिला सांगायचं राहून गेलं होतं. अडीच-तीनचा सुमार असेल. कुणीतरी हाक मारत होतं. पहिल्यांदा वाटलं बाहेरून येतेय. मग कळलं, आई. इतक्या वर्षांत तिने रात्री मला कधी उठवलं नव्हतं.

“अरे, ऊठ,” ती म्हणत होती. “दुखतंय मला. दिवा लाव.”